आरामात या

"एक खेप पाहून घेऊ." हे म्हणताना ते उजव्या हाताच्या मधल्या बोटानं समोरच्या वस्तूवर दोनदा टकटक करायचे. वस्तू कोणतीही चालायची. पाण्याची टाकी, कंपनीच्या बसचा पत्रा, लग्नाच्या मांडवाचा बांबू, एकदा तर माझ्या नव्या जावयाची सुटकेस. टकटक झाली की मान जराशी तिरपी करून ऐकायचे आणि मगच पुढं सरकायचे.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल, तर तुमच्या गल्लीतले कूलर रामभरोसे चालले आहेत, एवढंच मी म्हणेन.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते मेन्टेनन्सला फोरमन होते आणि मी तिथंच डिस्पॅचच्या ऑफिसात. घरं एकाच गल्लीत, त्यांचं माझ्या घरासमोरून तिसरं. सतरा वर्षं आम्ही एकाच कंपनी-बसनं गेलो-आलो. बस नाक्यावर सहा चाळीसला यायची. भाऊ सहा पस्तीसला हजर असायचे आणि सहा अडतीसला परत घराकडे सुटायचे, कारण गॅस बंद केला की नाही ते त्यांना आठवायचं नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. "थांब ना गा," भाऊ लांबूनच ओरडायचे, "एक खेप पाहून येतो!" गॅस बंदच असायचा. तो चालू सापडल्याचं सतरा वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. वहिनी हसून म्हणायच्या, "मी घरातच आहो ना जी. गॅस काय मले न विचारता पेटते?"

आमच्या नागपुरात उन्हाळा आधी कूलरमध्ये येतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी भाऊ खिशात टेस्टर खोचून निघायचे आणि गल्लीतल्या आठही घरांचे कूलर तपासायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. पंपाची वायर, अर्थिंग, पत्र्यात करंट उतरतो का, सगळं पाहायचे. लोक आधी हसायचे. मग एका वर्षी आमच्या कूलरला टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा पेटला. पंपाची वायर उंदरानं कुरतडली होती, आणि माझी आई रोज सकाळी अनवाणी उभं राहून त्याच कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतायची. भाऊंनी प्लग उपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला झापलं. "ऑफिसात एवढे कागद चेक करता तुम्ही. माय ज्याच्यात पाणी टाकून राहिली, तो काहून नाही चेक केला?"

तेव्हापासून आई त्यांना "तो पोरगा" म्हणायची. पोरगा पन्नाशीचा होता.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो. हा माणूस आमच्या सगळ्यांच्या घरात खिडकीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, न्हाणीच्या गिझरपर्यंत आला होता. आमच्या बारशा-लग्नांत त्यानं मांडवाच्या वायरी तपासल्या होत्या आणि पंगतीत बसून जेवला होता. त्याच्या घरी मात्र आमच्यापैकी एकही माणूस कधी जेवला नव्हता. भाऊंचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेणाऱ्यांपैकी. आमच्या गल्लीत बौद्धांचं घर ते एकच. आम्ही कोणी त्यांना "तुमच्याकडे जेवणार नाही" असं म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ दिली नव्हती. हे काम फार सफाईनं करता येतं, आणि ते आपण कसं करतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

घर बांधून झालं तेव्हा आम्ही सारे गेलो होतो. हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती, वंदना झाली, मग खीर. कोणी म्हणालं पोट भरलंय, कोणाचा उपास निघाला. मी म्हणालो, "आईसाठी नेतो." वहिनींनी झाकणाच्या डब्यात खीर भरून दिली. ती आमच्या फ्रिजमध्ये दोन दिवस राहिली आणि मग मी ती टाकून दिली. आई खाणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आई कुठं बाहेर पाणीसुद्धा घेत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि माझ्यासारख्या माणसाला अशी आई फार सोयीची असते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये भाऊंनी विचारलं, "खीर जमली होती ना?" मी म्हणालो, "वा! साखर अगदी बेताची." त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि बाहेर पाहू लागले.

त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी कोणाला जेवायला बोलावलं नाही.

बोलावलं ते लेकीनं. लेक विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत कामाला लागली होती. तिथली मुलं उन्हाळ्यात एकमेकांच्या गच्चीवर जेवायला जमतात, कारण लागत नाही, मुहूर्त लागत नाही. तिनं घरी सांगितलं, आपणही करू. भाऊ म्हणे तीन दिवस नुसते ऐकत होते. चौथ्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला. शब्द लेकीचे, नाव भाऊंचं. "शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर जेवण. कार्यक्रम काही नाही. सगळ्यांनी आरामात या."

गल्ली बुचकळ्यात पडली. वाढदिवस नाही, बारसं नाही, रिटायरमेंटला अजून दीड वर्ष, मग जेवण कशाचं? माझ्या बायकोनं विचारलं, "आहेर न्यायचा काय?" समोरचे बँकवाले साहेब, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी, फाटकात उभं राहून मला म्हणाले, "काही तरी असेलच हो. पोरीचं जमलं असेल." तरी ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले. अंगठा टाकायला काय जातं?

इकडे भाऊंनी जेवणाचं कारखान्यातलं शटडाउन, म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशोब असलेली वार्षिक दुरुस्ती, करून टाकलं. आठवडाभर रोज संध्याकाळी ते गच्चीवर थर्मामीटर घेऊन बसायचे. "साडेसातले स्लॅब किती तापून असते, माहीत आहे काय तुम्हाले?" त्यांनी मला बसमध्ये विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. पाचला एकदा, सहाला एकदा आणि पावणेसातला एकदा पाणी मारलं तरच गच्चीवर अनवाणी चालता येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. खुर्च्या भाड्यानं आणल्या त्यांतल्या प्रत्येकीवर त्यांनी स्वतः बसून पाहिलं. दोन कूलर वर चढवून, नवा वाळा भरून, वारा शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो का ते उदबत्तीच्या धुरानं तपासलं. गुरुवारी लेकीला जिन्याच्या दारामागं चिकटवलेली यादी सापडली. त्यात "७.४० – पहिले पाहुणे. ७.४२ – पन्हं" असं लिहिलं होतं. तिनं ती फाडली.

"बाबा, लोक जेवाले येऊन राहिले, इन्स्पेक्शनले नाही. आरामात म्हणजे आरामात. कोणाले फोन करायचा नाही, आठवण द्यायची नाही, चेक करायचं नाही. टेस्टर द्या इकडे."

भाऊंनी टेस्टर तिच्या हातात दिला. वहिनी सांगतात की आपल्या लग्नातही हा माणूस इतका गरीब दिसला नव्हता.

शनिवार उजाडला आणि आमच्या मे महिन्याला शोभेल असा पेटला. संध्याकाळी मात्र बरं वारं सुटलं. सहाच्या सुमारास त्यांच्या गच्चीवर चूल पेटली. वहिनी लांब रोट्या करणार होत्या. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीठ पोळीच्या कणकेसारखं नसतं, पातळ, तारेला आलेलं असतं. ते दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर पसरायचं. रुमालाएवढी पातळ रोटी होते. ती गरम असतानाच खायची, आणि पीठ एकदा जमलं की ते कोणासाठी थांबत नाही. सोबत आमरस, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात आणि कैरी-कांद्याचा तक्कू. वास आमच्या बाल्कनीपर्यंत येत होता.

साडेसात वाजले. आम्ही कपडे करून बसलो. पावणेआठ झाले. मी बाल्कनीतून पाहिलं, भाऊंच्या गच्चीवर दिव्यांची माळ लागली होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिलं कोण जाणार? मी बँकवाल्या साहेबांना फोन केला. "तुम्ही निघाले काय?" ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच." मी म्हणालो, "हो हो, आम्हीही निघतोच आहे." मग मी पुन्हा खुर्चीवर बसलो. पलीकडच्या घरातल्या बाई गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आल्या आणि काढून झाले तरी भाऊंच्या गच्चीकडे बघत उभ्या राहिल्या. असं सगळं गल्लीभर चाललं होतं.

"चल ना आई," मी म्हणालो. खरं तर ती नाही म्हणेल या खात्रीनंच म्हणालो.

"बोलावणं कुठी आलं?" आई म्हणाली.

"अगं, मेसेज आला ना गेल्या आठवड्यात."

"ते सांगणं झालं. बोलावणं कुठी झालं?"

आमच्या भागात घरच्या जेवणाचं आमंत्रण दोनदा असतं. आधी सांगायचं, आणि पानं वाढायची वेळ झाली की घरातल्या माणसानं दारोदार जाऊन "चला जेवाले" म्हणून हाक द्यायची. ही दुसरी हाक आल्याशिवाय जुनी माणसं जागची उठत नाहीत. लग्नाच्या हॉलांनी ही रीत मोडली, पण घरच्या जेवणाला ती अजून आहे. भाऊ तर खेड्यात वाढलेले, रीत त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. एरवी त्यांनी प्रत्येक दार तीनदा वाजवलं असतं. जन्मात पहिल्यांदा लेकीच्या शब्दाखातर त्यांनी काही तपासलं नाही, आणि नेमकं तेच तपासायला हवं होतं.

हे मी तेव्हा उठून त्यांना सांगायला हवं होतं. पन्नास पावलांवर घर. मी उठलो नाही. आई नाही म्हणते, आता मी काय करू, असं तोंड करून मी बसून राहिलो, आणि मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं.

त्यांच्या गच्चीवर काय चाललं होतं ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. आठ वाजले तरी जिन्यावर पाऊल वाजेना. लेक दोनदा म्हणाली, "येतील बाबा, रिलॅक्स." तिसऱ्यांदा ती नुसती जिन्यापर्यंत जाऊन आली. भाऊ पांढरा सदरा घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. पिठाकडे बघत वहिनी म्हणाल्या, "आता सैल पडून राहिलं जी हे. बोलावणं केलं काय तुम्ही?"

"मेसेज टाकला ना वं."

"मेसेजनं कोणी पानावर येऊन बसते काय? तुम्ही गेले असते?"

भाऊ म्हणाले, "यायचं असतं तं आले असते. मले माहीत आहे काहून नाही आले. अकरा वर्षांपासून माहीत आहे."

"माहीत नाही तुम्हाले. तुम्ही घाबरून राहिले." वहिनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. "सगळ्या दुनियेचे कूलर तपासले तुम्ही. हे एक काही तपासलं नाही. जा, दारात उभे राहा आणि बोलवा. नाही आले तं नाही आले. मंग आपण तिघं जेवू आणि उरल्या रोट्या मी उद्या माह्या मायकडे नेतो. पण न बोलावता मी चूल विझवणार नाही."

मी बाल्कनीत होतो, तेव्हा त्यांचं फाटक वाजलं. भाऊ रस्त्यावर आले. एरवी झपझप चालणारा माणूस, त्या दिवशी पावलं मोजून टाकत होता. ते सरळ आमच्याच घराकडे आले, तसा मी बाल्कनीतून दाराशी आलो. दार उघडं होतं, तरी उंबऱ्याबाहेर थांबले. टकटक केली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आत पलंगावर बसलेल्या आईकडे पाहून ते म्हणाले, "काकू, पानं वाढून राहिलो. चला जेवाले."

कंप्रेसरच्या आवाजावरून ऐकू जाणारा त्यांचा आवाज. तो इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

आईनं घड्याळाकडे पाहिलं. "एवढा उशीर करते काय गा कोणी? केव्हाची तयार होऊन बसली मी. चल, हात दे."

मी आईकडे नीट पाहिलं ते तेव्हा. तिनं धुतलेलं, घडीचं पातळ नेसलं होतं. पाच वाजताच नेसली होती, माझ्या बायकोनं नंतर सांगितलं. मला वाटलं होतं उकाड्यामुळं बदललं असेल. अकरा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, आई, तू त्यांच्याकडे जेवशील का? तिच्या नावावर मी खीर टाकून दिली होती. भाऊ पुढं झाले, त्यांनी हात दिला, आणि आई एक एक पायरी उतरू लागली. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि तिचा एवढा अभिमानही.

फाटकाशी येऊन आई म्हणाली, "बाकीच्यांले बोलावलं काय? नाही ना? मंग तू जा. मी सुनेसंग जातो. माहं गुडघं वाट पाहत नाही."

मी भाऊंच्या मागोमाग निघालो. बँकवाल्या साहेबांच्या दारात ते म्हणाले, "साहेब, पानं वाढली, चला." साहेब चपला घालूनच बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी बायकोला हाक मारली आणि म्हणाले, "आम्ही म्हटलं, तुमची तयारी व्हायची असेल." पुढच्या घरात तर सगळे दिवाणखान्यात ओळीनं बसले होते, मुलांच्या केसांना पाणी लावलेलं. प्रत्येक दाराला भाऊंचा आवाज चढत गेला. पाचव्या घरापाशी तो कारखान्यातला झाला होता. "चला जी! रोटी मडक्यावर आहे! गरम आहे तोवर चला!" गल्ली दणदण खाली उतरली. पोरं पुढं धावली.

शेवटचं घर बंद होतं. आत दिवा होता, टीव्हीचा आवाज होता. भाऊंनी फाटकातून हाक मारली. टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. कोणी बाहेर आलं नाही. मी म्हणालो, "भाऊ, चला." ते जागचे हलले नाहीत. मग बंद दाराकडे पाहून, अजिबात न चिडता, त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "घाई नाही जी. आरामात या." आणि वळले. मी त्यांच्याबरोबर चालत होतो, आणि या माणसाबरोबर आपण चालतो आहोत याचा मला अभिमान वाटत होता. तो मी त्यांना तेव्हा सांगितला नाही. आता इथं सांगतो आहे.

गच्चीवर पोचलो तेव्हा आई चुलीपाशी खुर्ची ओढून बसली होती आणि वहिनींना शिकवत होती. "आणखी सैल पाहिजे वं पीठ. आमच्या गावाकडे तं कोपराच्या खाली लोंबे."

"मंग करून दाखवा ना काकू," वहिनी म्हणाल्या आणि पिठाचा गोळा त्यांनी सरळ आईच्या हातावर ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई उभी राहिली, पदर खोचला आणि रोटी लांबवू लागली. रोटी कोपरापर्यंत गेली आणि मधोमध फाटली. सगळी गच्ची हसली. आई सगळ्यांत जास्त हसली. मग तीच फाटकी रोटी मडक्यावर भाजून तिनं आमरसाबरोबर खाल्ली आणि वर आणखी दोन खाल्ल्या. कोणाच्या घरचं पाणी न पिणारी बाई.

पार्टी आरामात झाली म्हणावं, तर भाऊंना सोडून सगळ्यांची झाली. ते पाण्याचा जग घेऊन एकेका खुर्चीपाशी जात होते. "रस बरोबर आहे ना? वारा लागून राहिला ना? रस्सा तिखट तं नाही?" बँकवाले साहेब गोळाभातावर तिसऱ्यांदा चिंचेचं पाणी घालून घेत होते आणि नाकातून पाणी येत असतानाही "नाही नाही" म्हणत होते. लेक कोपऱ्यात उभी राहून बापाकडे बघत होती. तिनं टेस्टर काढून त्यांच्या खिशात परत खोचला.

सगळे जेवून उठले तरी भाऊ जेवले नव्हते. मी त्यांना बळंच खुर्चीवर बसवलं आणि ताट वाढलं. वाढता वाढता म्हणालो, "भाऊ, ती खीर..."

"माहीत आहे मले," ते म्हणाले.

"कसं काय?"

"तुम्ही म्हटलं, साखर बेताची होती. ते खीर गुळाची होती जी." त्यांनी रोटीचा घास रसात बुडवला. "वाढा आणखी एक. उभे काहून?"

मी वाढली. त्यांनी खाल्ली, पाणी प्यायले, मग पायानं गच्चीच्या फरशीवर दोनदा टकटक केली आणि सभोवार बसलेल्या, आडव्या झालेल्या, पान खात बोलत असलेल्या गल्लीकडे पाहिलं. "अकरा वर्षं झाली या स्लॅबले," ते म्हणाले. "लोड टेस्ट आज झाली." आणि छाती भरून हसले. कारखान्यात नवी मशीन पहिल्या दमात चालू झाली की असेच हसायचे ते, पण हे हसू त्याहून मोठं होतं.

पुढल्या मे महिन्यात गल्लीतल्या दुसऱ्या घराची गच्ची, त्याच्या पुढल्या वर्षी तिसऱ्याची. प्रत्येक वेळी दारोदार बोलावायला भाऊच पुढं, आणि त्या शेवटच्या फाटकाशी उभं राहून दोनदा हाक. तिसऱ्या वर्षी त्या घरातली बाई एकटी आली, हातात लोणच्याची बरणी घेऊन. वहिनींनी आपल्या शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

भाऊ तोवर रिटायर झाले होते, मग लेकीची बदली बंगलोरला झाली. तिनं आईबाबांना तिकडे नेलं. घर ठेवलं आहे, भाडेकरू चांगले आहेत. जायच्या दिवशी भाऊंनी आठही घरांच्या कूलरच्या वायरी पाहिल्या. डिसेंबर होता.

या मे महिन्यात पाळी आमच्या गच्चीची होती. वहिनींसारख्या रोट्या कोणाला येत नाहीत, म्हणून साध्या पोळ्या, रस, रस्सा. मी दारोदार जाऊन बोलावून आलो. माणसं जिना चढू लागली. आई आता वर चढू शकत नाही, तिला खाली दारातच खुर्ची टाकून दिली होती. तिनं मला थांबवलं.

"त्याले बोलावलं काय?"

"आई, ते बंगलोरला राहतात आता."

"राहो ना. सांगणं केलं असशील नुसतं. बोलावणं केलं काय?"

मी फोन लावला. पलीकडून भाऊंचा "हॅलो" आला, मागं कुकरची शिट्टी होत होती. मी म्हणालो, "भाऊ, पानं वाढून राहिलो. चला जेवाले."

पलीकडं कशावर तरी दोनदा टकटक झालेली मला ऐकू आली.

मग त्यांनी विचारलं, "कोण कोण आले?"

"सगळे आले."

"शेवटचं घर?"

"चौघंही आले."

"मंग वाढा. गार नका होऊ देऊ. आम्ही निघालोच." आणि मग फोन तोंडापासून दूर धरून, कारखान्यातल्या त्या आवाजात, ते घरात ओरडले, "अवं, ऐकलं काय? आपल्याले बोलावणं आलं!"